गावी न्यायचं वजन

आखातातल्या अल कुसैसच्या घरामागे झेवियरची, मोटारीमागे जोडून न्यायची कॅरव्हॅन बारा वर्षं उभी होती आणि वर्षागणिक थोडी थोडी जमिनीला टेकत चालली होती. हॉटेलातला इंग्रज मॅनेजर मायदेशी जाताना ती देऊन गेला, तेव्हाच ती म्हातारी होती. "हिच्यातून खोरफक्कानला समुद्रावर राहायला जाऊ," असं झेवियरने तेव्हा बायकोला, अँजेलाला, तोंड भरून सांगितलं होतं. गेले मात्र कधीच नाहीत. पहिल्याच महिन्यात गाडीत वसईला न्यायची दोन ब्लँकेटं शिरली. मग डिनरसेट, मिक्सर, टेपरेकॉर्डर, एक झुंबरसुद्धा. गावी न्यायच्या वस्तू जमवण्यात तिथे सगळेच पटाईत, पण झेवियरचा हात कुणी धरला नसता.

आता, २००१च्या जूनमध्ये, त्याची नोकरी संपणार होती. अँजेलाने एकच हट्ट धरला. "कायमचं जाण्याआधी एकदा तरी मला त्या गाडीतून समुद्रावर न्या."

म्हणून हारुन मेकॅनिक आला, गाडीखाली सरपटत गेला आणि कपाळ पुसत बाहेर आला.

"झेवियरभाई, रबर खलास."

या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. दोन्ही चाकं जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीत ठासलेलं रबरच धक्के सोसायचं, आणि बारा वर्षं ओझ्याखाली दबून ते मेलं होतं.

"मग खाली लोखंडी ठोकळे लावून उचल की वर!"

"ऊँचा दिखेगा, पर हर झटका सीधा बॉडी में जाएगा. ॲक्सल नया बनाना पडेगा, पुरानी हाइट का. अंदर वजन कितना रहेगा? रबर उसी हिसाब से डलेगा."

"छेसौ किलो," झेवियर पटकन म्हणाला.

दारात उभी असलेली अँजेला चमकली. "सहाशे? अहो, आपण दोघंच ना जाणार?"

"मग सामान कुठे टाकू? जिवापाड जपलंय मी!"

अँजेला पुढे झाली. तिने कॅरव्हॅनचं दार उघडलं आणि हाताला आलेलं पहिलं खोकं ओढून बाहेर काढलं. त्यावर झेवियरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इनास'. आत एक रेडिओ होता आणि टाचण्याही न काढलेले दोन शर्ट. इनास हा झेवियरचा थोरला भाऊ. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. दुसऱ्या खोक्यात पुतणीचा फ्रॉक निघाला, सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. त्या पुतणीचं गेल्या मे महिन्यात लग्न झालं होतं.

झेवियर पायरीवरच बसला. माणसांसाठी जमवता जमवता माणसांकडे जायचंच राहून गेलं होतं. शर्टाच्या टाचण्या तो उगाचच एकेक करून काढू लागला.

"बोलो भाई, कितना लिखूँ?" हारुनने हळूच विचारलं. "बाद में बदलेगा नहीं."

"दो आदमी," झेवियर म्हणाला. "दो आदमी और चाय का सामान."

अँजेला त्याच्या शेजारी टेकली. "आणि वसईला काय न्यायचं?"

"काही नाही," तो म्हणाला. "पोचलो की घरोघर जाऊन बसू."