जेवणाचं टेबल आणि एक भोक

आमच्या जेवणाच्या टेबलावर मी कधी जेवल्याचं मला आठवत नाही. लग्न होऊन वर्ष उलटलं नाही तोच वेंडेलने त्यावर काडतुसं भरायचं यंत्र बोल्टांनी आवळून बसवलं. तेव्हापासून मी ओट्याशी उभी राहून जेवते.

नवरा माझा तसा साधा. पण प्रत्येक पुंगळीत बंदुकीची दारू कणभरही कमीजास्त पडता कामा नये, तरच प्रत्येक गोळी सारख्या वेगाने जाते, असं त्याचं म्हणणं. असेलही खरं. म्हणून वजनाचा काटा हलू नये यासाठी ऐन वायोमिंगच्या थंडीत हीटर बंद, फ्रिज बंद. कुत्रं शेपूट हलवतं म्हणून त्याची रवानगी सासूबाईंकडे.

"तू जरा तिकडे तोंड करून श्वास घे ना," तो मला म्हणाला.

"शेजारी हार्लनकडे जाऊनच घेते की," मी म्हटलं. "अरे, मरायच्या आधी एकदा तरी या टेबलावर बसून मला खिम्याचा मीटलोफ खायचाय."

त्याला लागलं असावं. "या वेळची नेमबाजीची स्पर्धा हरलो तर यंत्र काढतो. शब्द देतो."

स्पर्धेच्या दिवशी वारा अगदी पडला होता. वेंडेलने पाच गोळ्या झाडल्या. वेग मोजायच्या डब्यावर पाचही वेळा तोच आकडा. पंचांनी डबा बिघडला म्हणून थोपटून पाहिला. पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या. लोक टोप्या काढून उभे राहिले. मला रडू कोसळलं, टेबल गेलं म्हणून.

मग कळलं, ते भोक शेजारीच स्पर्धेला उभ्या असलेल्या हार्लनच्या निशाणाच्या कागदावर होतं. हार्लनने अजून बंदूक उचललीही नव्हती. महिनाभर काट्याकडे बघून बघून आमच्या शहाण्याने बंदुकीच्या दुर्बिणीत शेजारचा कागद धरला होता. त्याचा स्वतःचा कागद कोरा करकरीत. वेंडेल बाद.

"कागद माझा, म्हणजे भोकही माझं," हार्लन म्हणाला, आणि घरी नेऊन त्याने ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगलं.

वेंडेल शब्दाला पक्का. त्याच संध्याकाळी यंत्र निघालं. मी टेबल घासूनपुसून घेतलं, हीटर लावला, मीटलोफ केला, दोघांच्या प्लेटा मांडल्या आणि खुर्चीत बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वेंडेलचा मात्र पत्ता नाही.

तो हार्लनकडे भोकासमोर बसला होता. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

"घरी चल, जेवण निवतंय," मी म्हटलं.

"थांब गं. कड बघ कशी गोल आलीय."

एकटीने त्या टेबलावर किती दिवस बसायचं? घास उतरेना मेला. हल्ली मी भांडं उचलते आणि सरळ हार्लनकडे जाते. कोचावर ते दोघं बसतात, तिसऱ्याला जागा नाही. मी भिंतीशी उभी राहून जेवते.

"जरा बाजूला हो," वेंडेल म्हणतो, "दिसत नाहीये."