दोन अंगठ्यांचा ग्लोव्ह

मी एक जुना बेसबॉलचा ग्लोव्ह आहे. मित्रांनो, माझी बोटं मोजलीत तर तुम्ही पुन्हा एकदा मोजाल, कारण ती सहा भरतात. मधे चार बोटं आणि दोन्ही कडांना एकेक अंगठा. हसायचं असेल तर हसून घ्या. क्लबच्या किटबॅगेतले बाकीचे ग्लोव्हही हसले होते. पण मी काही चुकून असा झालेलो नाही. दोन्ही हातांनी सारखाच चेंडू फेकणाऱ्या एका मुलासाठी मला मुद्दाम असं शिवून घेतलं होतं.

त्या मुलाचं नाव वेद. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला वाढलेला, आणि जन्माने डावखुरा. पण घरात जेवण उजव्या हाताने, प्रसाद उजव्या हातात. डावा पुढे आला की त्याची आई, रेखा, तो हळूच मागे सारायची. शाळेत कुणी अडवलं नाही, म्हणून पेन आणि चेंडू तेवढे डाव्या हाताकडे राहिले. मग दहा वर्षांचा असताना डावं मनगट मोडलं. प्लास्टरमध्ये हात अडकवून घरी बसवेना, म्हणून त्याने उजव्याने चेंडू फेकून पाहिला, आणि तो तितकाच सरळ गेला.

वेदचे वडील नंदू. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये बोलिंग करायचे, इथे बिझनेस पार्कमध्ये नोकरीला. मुलाने क्रिकेट सोडून बेसबॉल धरला तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं. पण क्लबचा कोच म्हणाला, की अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन्ही हातांनी फेकणारे पिचर अगदी बोटांवर मोजण्याइतके. त्या दिवसापासून नंदू बदलले. त्यांनी वेदचे दोन्ही पंजे कागदावर ठेवले, पेन्सिलीने गिरवले आणि तो कागद दूरच्या एका कारागिराला पाठवला. त्या कागदावरून मी जन्मलो.

माझं काम तसं सोपं. ज्या हाताने फेकायचं तो हात मोकळा, दुसऱ्या हातात मी. उजव्या हाताने बॅट धरणाऱ्याला उजव्या हाताने फेकलेला चेंडू अवघड जातो, डावखुऱ्याला डाव्याने फेकलेला. वेद समोर कोण आहे ते बघायचा आणि मला या हातातून त्या हातात घालायचा. नियम एकच, की एकदा एका बॅटरपुढे हात ठरला, की तो बॅटर जाईपर्यंत बदलायचा नाही. मी हात बदलू लागलो की समोरच्यांची तोंडं बघण्यासारखी होत. खरं सांगतो, मला फार गर्व झाला होता. किटबॅगेतले सगळे गप्प बसले होते.

आता चूक सांगतो. कोचने सांगितलं होतं, की एका दिवसात साठ चेंडू टाकले की थांबायचं, हात जपायचा. नंदूंनी हिशोब केला, हात दोन, म्हणजे एकशे वीस. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. ऑफिसातून आले की चहासुद्धा न घेता ते वेदला घेऊन पार्कातल्या जाळीपाशी जायचे. उजवा दमला की म्हणायचे, "आता डावा. ग्लोव्ह बदल." आणि मी बदलत राहायचो. कोचला हे कुणी सांगितलं नाही. मीही तेव्हा खुशच होतो, दुसऱ्या कुठल्या ग्लोव्हच्या नशिबी इतकं काम नव्हतं.

वेद एकोणीस वर्षांचा झाला, आणि बातमी आली. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघाची माणसं जूनमध्ये कार्डिफला ट्रायल घेणार होती. वेदला ते हवं होतं, मित्रांनो. नुसतं वडिलांना हवं होतं म्हणून नाही. तो झोपताना मला उशाशी ठेवायचा.

ईस्टरच्या सुट्टीत एकदा तो चेंडू उचलायला वाकला आणि तसाच थांबला. त्याची बोटं माझ्या आत घट्ट आवळली गेली.

"बाबा, माझा पाठ जरा स्टिफ वाटतो," तो म्हणाला.

"थंडी आहे रे, होणारच. हात कसे आहेत?"

"हात फाइन आहेत."

"मग झालं तर. चल, डावा."

त्यानंतर रोज तेच. नंदू रोज न चुकता विचारायचे, "हात कसे आहेत?" वेद रोज खरं सांगायचा, की फाइन आहेत. खांद्यांना ते स्वतः तेल लावून द्यायचे. पण चेंडू कुठल्याही हाताने फेका, दर वेळी वळते ती कंबर. त्या पोराला कंबर एकच होती. हे मला कळत होतं, कारण ती आवळलेली बोटं माझ्याच आत होती. मला सहा बोटं दिली, तोंड मात्र दिलं नाही.

रेखाने एकदा म्हणून पाहिलं. "अहो, आज राहू द्या ना. त्याला सॉक्स घालायला खाली वाकता येत नाहीये."

"अगं, तीन आठवड्यांवर आली ट्रायल! नंतर हवी तेवढी रेस्ट घेऊ दे त्याला."

कार्डिफला आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. वेदने उजव्या हाताने तिघांना बाद केलं. कुंपणापाशी उभे असलेले अमेरिकन पाहुणे बोलायचे थांबले. त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "आता दुसरा हात दाखव, बाळा." समोर डावखुरा बॅटर येऊन उभा राहिला.

वेदने मला डाव्या हातातून काढलं. मला उजव्या हातात घालायला तो जरासा वळला, आणि पुढे हललाच नाही. मी त्याच्या दोन हातांच्या मधे लोंबत राहिलो. इतक्या वर्षांत मी कुठल्याच हातात नाही असं कधी झालं नव्हतं. मग तो हळूच गुडघ्यांवर बसला. नंदू कुंपणावरून ओरडले, "वेद, हाताला लागलं का?"

स्कॅनमध्ये दिसलं, की कमरेच्या मणक्याला चीर होती. एक नाही, दोन्ही बाजूंना, आणि जुनी. आधी आला असतात तर भरून आली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. आता चालेल, पोहेल, नोकरी करेल. जोराने फेकणं मात्र संपलं.

घरी आल्यावर नंदू स्वयंपाकघरात उभेच राहिले. "मी रोज विचारत होतो रे तुला," ते म्हणाले.

"हो बाबा. तुम्ही हात विचारायचे. हात ओकेच होते."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मी गॅरेजमध्ये शेल्फवर आहे. तुम्हाला वाटेल, धूळ खात पडलो असेन. नाही. नंदू दर रविवारी मला खाली काढतात, माझ्या सहाही बोटांना तेल चोळतात, शिवण तपासतात, आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नाहीत. इतकी निगा कुठल्या ग्लोव्हची राखली जात नसेल.

परवाच्या रविवारी वेद दारात येऊन उभा राहिला. कमरेला पट्टा होता. "बाबा, चहा झालाय."

"हो पुढे, आलोच," नंदू माझ्याकडे बघत म्हणाले. वेद दाराच्या चौकटीला धरून हळूहळू पायरी उतरला. नंदूंनी वळून पाहिलं नाही, माझ्या अंगठ्याला तेल लावत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते, की आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला तेल नको. तुमच्यापैकी कुणी नंदूंना ओळखत असेल, तर त्यांच्या हातातलं फडकं काढून घ्या. म्हणावं, चहा निवतोय. आत जा, त्याच्याजवळ बसा, आणि विचारा, दुखतंय का रे.