घोडा घोडा, वाघ वाघ

कपाशीच्या तासात, झाडांच्या ओळीत, पितळी वाटी. तळाशी दही वाळून तडकलेलं.

पुठ्ठ्याचा एक चेहरा. भुवया आहेत, मिशी आहे. डोळे नाहीत.

चार चिनी अक्षरं.

पाठमोऱ्या बाया, आणि सगळ्यांची तोंडं आपल्याकडं.

नागेश बोथ गावात कारकून. उरल्या वेळात पाट्या रंगवायचा. वेचणीच्या तोंडावर शिवारात वाघाचे पंजे उमटले. वाघ मागून येतो, म्हणून गावानं ठरवलं: वेचणीला जाणाऱ्या प्रत्येकीनं डोक्यामागं मुखवटा बांधायचा. रंगवायचे नागेशनं.

तो रंगवत होता. शेजारी त्याची मुलगी प्रगती मोबाइलवर चिनी शिकत होती, कंपनीतल्या नोकरीसाठी.

"बाबा, ऐका. मामा-हूहू. घोडा घोडा, वाघ वाघ. एका चित्रकारानं वाघाचं डोकं काढलं, तेवढ्यात कोणी घोडा मागितला. त्यानं त्याच डोक्याला घोड्याचं धड जोडलं. थोरल्या पोरानं विचारलं, हे काय? म्हणाला, वाघ. धाकट्याला म्हणाला, घोडा. पुढं थोरल्यानं वाघ समजून दुसऱ्याचा घोडा मारला. धाकटा घोडा समजून वाघावर बसायला गेला."

"मंग?"

"मंग काय, खाल्लं त्याले वाघानं. तेव्हापासून थातूरमातूर कामाला मामा-हूहू म्हणतात. आणि कोणी 'कसं काय' विचारलं, तरी तेच सांगायचं. म्हणजे, चाललंय आपलं."

"लय काटकसरी लोकं हायेत," नागेश हसला.

शेजारच्या कौशल्याबाई दारात आल्या. शेवटचा मुखवटा त्यांचा. डोळे राहिले होते.

"थांबा वहिनी, डोळे काढून देतो."

"राहू द्या भाऊ. सकाळी सीतादही हाये वावरात, घरी सारं पडून हाये. वाघ का डोळे मोजून राह्यला?"

"चालते मंग," नागेश म्हणाला आणि ब्रश रॉकेलात बुडवला.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या वेचणीआधी कपाशीला दहीभात दाखवायला कौशल्याबाई तासात वाकल्या. वाघ मागून आला.

आता सकाळी बाया वावराकडं निघतात तेव्हा नागेश दारात उभा असतो. त्या दूर जातात, त्यांची तोंडं त्याच्याकडं बघत राहतात. त्यात एका तोंडाला डोळे नसतात. वळण येईपर्यंत ते त्याच्याकडंच असतं.

कामावर कोणी विचारतं, "काय नागेशराव, कसं काय?" ते चिनी शब्द ओठांपर्यंत येतात. तो फाईल उघडतो.

मग एकदा कौशल्याबाईंची सून मयूरी आली. हातात तोच मुखवटा.

"काका, याले डोळे काढून द्या. उद्यापासून मीच जातो वेचाले."

पुठ्ठ्यावर ओरखडा नव्हता. डाग नव्हता. हा कुठं सापडला, हे नागेशला विचारायचं होतं. त्यानं दुपारभर बसून डोळे काढले, पापण्यांसकट.

"अगं माय," मयूरी म्हणाली, "हे तं मलेच भेव दाखवून राह्यले."

सकाळी ती गेली. तिच्या डोक्यामागून दोन डोळे नीट बघत होते. तिच्या शेजारून चालणाऱ्या तोंडाला मात्र नव्हते. तिच्या शेजारून कोणी चालत नव्हतं.

कपाशीतल्या सीतामाईपुढं दोन तोंडं घेऊन बसू नये, म्हणून कौशल्याबाईंनी दहीभात दाखवण्याआधी मुखवटा सोडून बांधावर ठेवला होता.