उरलेला एक आणा

“टाइलचा घाट सुंदर आहे, कडा सफाईदार आहेत, फक्त रंग मळकट वाटतो,” असं आर्किटेक्टबाईंनी कळवलं होतं. ताईने ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मळकट! ज्या रंगापायी माझ्या बहिणीने उमेदीची सगळी वर्षं भट्टीसमोर घालवली, तो रंग म्हणे मळकट!

ताई मातीच्या टाइल्स बनवते. भाजलेल्या मातीवर काचेसारखी झिलई चढते ना, तिला त्यांच्या धंद्यात ग्लेझ म्हणतात. तांब्याची पूड घालून केलेल्या एका निळ्या-हिरव्या ग्लेझच्या ती हात धुऊन मागे लागली होती. कधी भट्टीतून काळंठिक्कर निघायचं, कधी शेवाळी, कधी नुसतंच पांढुरकं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी कॉलेजात गेली, पण रंग काही हाती लागेना. भावोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “लोकांच्या बायकांना सवत असते. आमच्या घरात ती मला आहे.”

आणि मग गेल्या वर्षी एका सकाळी तिने भट्टी उघडली आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. भावोजींना वाटलं चक्कर आली. पण तिच्या मांडीवर टाइल होती, आणि टाइलवर तो रंग होता. खोल, स्वच्छ पाण्याच्या तळाशी ऊन पोचलं तर जसं दिसेल तसा.

“सोळा आणे,” ती म्हणाली.

ताईला सगळ्या गोष्टींना आणे द्यायची खोड आहे. भावोजींचा चहा बारा आणे. माझे फोटो चौदा, फार खुशीत असली तर साडेचौदा. स्वतःच्या कामाला तर ती तेराच्या वर कधी जातच नाही. त्यामुळे तिच्या तोंडून सोळा आणे ऐकल्यावर भावोजींनी मला कामावर फोन करून ती बातमी दिली होती.

त्याच सुमारास शहरातल्या नव्या जलतरण तलावाची जाहिरात आली. तलावाच्या कडेची लांबच लांब भिंत हाताने केलेल्या टाइल्सनी मढवायची होती. पाण्यालगतची भिंत आणि ताईचा हा रंग! मी म्हटलं, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो ते असं. पहिली निवड तलावाच्या आर्किटेक्टबाई फोटोंवरून करणार होत्या. फोटो त्यांच्या वेबसाइटवर चढवायचे. आणि घरात फोटोवाली बहीण असताना ते दुसरं कोण काढणार?

माझा धंदाच तो. विकायच्या वस्तूंचे फोटो काढायचे, मग कॉम्प्युटरवर त्यांचे रंग वस्तूशी जुळवायचे. माझ्या खोलीच्या भिंती करड्या, पडदे करडे, काम करताना अंगात सदराही करडा, म्हणजे स्क्रीनवर भलत्या रंगाची झाक नको. आई म्हणते, पोरीने खोलीला दुखवटा पाळायला लावलाय. स्क्रीन असा महाग घेतलाय की त्याची किंमत मी आईला अजून सांगितलेली नाही. त्या स्क्रीनशेजारी टाइल ठेवून मी रंग जुळवला होता, अगदी डोळ्यांत तेल घालून. आणि आता हे मळकट!

“बाईंना कावीळ झाली असेल,” मी फोनवर ओरडले.

“उचलली जीभ लावली टाळ्याला,” ताई म्हणाली. आवाज मात्र पडलेला होता. “त्यांचं बरोबर आहे, लवंगी. तुझ्या फोटोत मलाही तसाच दिसला. तुझा फोटो खोटं बोलत नाही, हे काय मला माहीत नाही? मीच आपला तो बाब्या करत बसले होते. दुसरा उजळ रंग असला तर परवाच्या बैठकीत दाखवा म्हणतायत. करते काहीतरी.”

लवंगी म्हणजे मी. लहान आणि तिखट, म्हणून लहानपणीच पडलेलं नाव.

मी तशीच निघाले. कारखान्यात पोचले तर ताई मोठ्या बादलीत काहीतरी ढवळत होती. जुन्या टाइल्स कोपऱ्यात रचलेल्या होत्या, तोंडं भिंतीकडे. शिक्षा झालेल्या मुलांसारख्या उभ्या होत्या बिचाऱ्या.

“हे काय चाललंय?”

“भडक निळा. फोटोत उठून दिसेल असा. संध्याकाळी भट्टी लावते, परवापर्यंत तुकडे निघतील.”

“आणि आपला रंग?”

“राहू दे तो. लोकांना आवडत नाही तर काय डोक्यावर मारायचाय?” तिने हे अगदी सहज म्हटलं. ताई रडली असती, चिडली असती तर चाललं असतं. तिने नुसता हात झटकल्यासारखा तो रंग सोडला होता. आणि का, तर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा माझ्या फोटोवर जास्त भरवसा होता म्हणून.

भावोजी चहा घेऊन आले. माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, फोटो छान आहे हो. मी तर फोनवर लावून ठेवलाय, हे बघ.” त्यांनी फोन माझ्यासमोर धरला.

मी बघतच राहिले. फोटो माझाच होता. सावली माझी, कोन माझा. पण रंग? चार धुण्यांनंतर बादलीत उरलेल्या पाण्यासारखा.

“हा फोन बिघडलाय,” मी म्हटलं.

“वेबसाइटवरही असाच दिसतो,” ताई ढवळता ढवळता म्हणाली. “नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. फोटो काढता येईना, फोन वाकडा?”

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. लख्ख! हाच तर तो रंग. “ये, बघ इकडे,” असं म्हणून मी विजयी मुद्रेने मागे वळले, आणि तेवढ्यात माझ्या धांदरटपणामुळे तीच फाइल फोटो दाखवणाऱ्या साध्या प्रोग्राममध्येही उघडली गेली. दोन खिडक्या शेजारी शेजारी आल्या. डावीकडे ताईचा रंग, उजवीकडे धुण्याचं पाणी.

“अगं बाई,” ताई म्हणाली. काठी तिच्या हातातच राहिली. “एकाच फोटोचे दोन रंग?”

मी आधी मूर्खपणाच केला. एडिटिंगमध्ये रंग चढवत नेला, भावोजींच्या फोनवर तो बरा दिसेपर्यंत. फोनवर दिसायला लागला, पण माझ्या खिडकीत टाइल खेळण्यातल्या प्लास्टिकच्या बदकासारखी झाली. “आगीतून फुफाट्यात,” भावोजी म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण होतं खरं. दोन्हीकडे एकच खरा रंग काही केल्या दिसेना.

मी सगळं पुसलं आणि फाइलची माहिती उघडली. आणि तिथे माझंच पाप माझ्याकडे बघून हसत होतं.

“ताई, तुझ्या त्या मैत्रिणीला तू ग्लेझची कृती दिली होतीस, आठवतंय? तिचं सगळं फिकं निघालं होतं.”

“आठवतंय की. मी सांगितलं चार डाव तांबं. माझा डाव हा एवढा मोठा. तिने घातले आमटीच्या डावाने.”

“तेच झालंय! फोटोतला रंग म्हणजे नुसते आकडे असतात. चार डाव, सहा डाव, असे. कुठला डाव घ्यायचा, ते फाइलमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. मी छपाईची कामं करते ना, म्हणून सवयीने मोठा डाव वापरते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आधी डाव कुठला ते वाचतं, मग मोजतं. हा दुसरा प्रोग्राम वाचतच नाही. आकडे उचलतो आणि आपल्या छोट्या डावाने मोजून मोकळा होतो. भावोजींचा फोन तसलाच. आणि त्या वेबसाइटने तर फोटो लहान करताना प्रोफाइल काढूनच टाकलंय, मग बाईंनी तरी काय वाचायचं?”

ताईने काठी खाली ठेवली. मग कोपऱ्यात गेली, एक टाइल उचलून आणली आणि डावीकडच्या खिडकीशेजारी धरली.

“म्हणजे माझा रंग मळकट नाही?”

“नाही गं. कधीच नव्हता.”

तेव्हा ती रडली. पालथ्या बादलीवर बसून, पदराने नाक पुसत, भावोजींचा चहा हातात घेऊन ती रडली, आणि मलाही रडू आलं. भावोजींना काय करावं सुचेना म्हणून त्यांनी आणखी चहा आणला. मग ताई उठली. भडक निळ्याच्या बादलीवर तिने धाडकन झाकण घातलं.

“लाव त्या बाईंना फोन.”

मी लावला, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे पहिलंच वाक्य बोलून गेले, “तुमचा स्क्रीन खोटं बोलतोय.” ताईने कपाळावर हात मारला. पण पलीकडे बाई हसल्या.

“असं? मग परवाच्या बैठकीला खरं बोलणारा घेऊन या.”

बैठकीच्या खोलीत लांब टेबलाभोवती समिती बसली होती. प्रत्येकासमोर आपापला लॅपटॉप नाहीतर फोन. ताईच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेली टाइल होती. मी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या आणि डावाची गोष्ट सांगितली. बाई पुढे झुकून ऐकत होत्या.

“मग आता यावर उपाय?” त्यांनी विचारलं.

“मोठ्या डावाचे आकडे छोट्या डावात बदलायचे. सगळे स्क्रीन छोटा डाव धरूनच चालतात, त्यांना तोच द्यायचा.” ते मी त्यांच्यासमोरच करून दाखवलं आणि नवी फाइल सगळ्यांना पाठवली. टेबलाभोवती एकेक स्क्रीन उजळत गेला. शेजारच्या फोनवर तोच रंग, समोरच्या लॅपटॉपवर तोच. सगळ्यांनी एकमेकांच्या स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं. मला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

“पण,” टोकाला बसलेले एक गृहस्थ चष्मा सारखा करत म्हणाले, “आत्ता तुम्ही रंग चढवला नाही, हे कशावरून?”

प्रश्न रास्त होता, आणि मी दाखवणार काय, तर आणखी एक स्क्रीन. मी तोंड उघडलं, पण ताई उभी राहिली होती.

“हातच्या काकणाला आरसा कशाला?” ती म्हणाली. टॉवेल सोडून तिने टाइल त्यांच्या फोनशेजारी ठेवली.

गृहस्थांनी फोनकडे बघितलं, टाइलकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. बाई जागेवरून उठून तिथे आल्या. बाकीचेही आले.

“खरं सांगायचं तर,” ताई म्हणाली, “फोटो पंधरा आणे आहे.”

मी जवळ सरकून हळूच तिला पाय मारला. जिंकत आलेल्या डावात ही बाई स्वतःच खोट काढत होती!

“मारू नकोस, खरं तेच सांगतेय,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “हीच म्हणते, काही निळे-हिरवे त्या छोट्या डावात पुरते मावत नाहीत. एक आणा बाहेर राहतो.”

“आणि तो एक आणा बघायचा कसा?” बाईंनी विचारलं.

“भिंत झाली की भिंतीपाशी येऊन.”

बाईंनी टाइल उचलली, खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी केली. आमच्याकडे पाठ होती, त्यामुळे चेहरा दिसेना.

“दुसरा रंग नको,” त्या वळून म्हणाल्या. “हाच. सबंध भिंत हाच. कोणाची हरकत?”

चष्मेवाल्या गृहस्थांनी सगळ्यांत आधी मान हलवली, नाही म्हणून. बाहेर आल्यावर जिन्यात ताईने, जी कधी आवाज चढवत नाही त्या माझ्या ताईने, अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. मी तिला मिठी मारली. टाइल आमच्या दोघींच्या मध्ये होती, ती माझ्या बरगडीत चांगलीच रुतली.

तलाव उघडला त्या सकाळी आम्ही सगळे गेलो. आईसुद्धा. उंच खिडक्यांतून ऊन पाण्यावर येत होतं, पाण्यावरून भिंतीवर जात होतं, आणि सबंध भिंत जिवंत असल्यासारखी हलत होती. डोळ्यांचं पारणं फिटलं. आत आलेला जो तो आधी थांबायचा, मग फोन काढायचा. फोटो घ्यायचा, फोनमध्ये बघायचा, भिंतीकडे बघायचा, पुन्हा फोनमध्ये. “येतच नाहीये,” एक मुलगी वडिलांना म्हणाली. “असं नाही येत यात.” वडिलांनी स्वतःचा फोन काढून बघितला. त्यांच्यातही येत नव्हतं. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला, आणि दोघं भिंतीपाशी जाऊन तिला हात लावून उभी राहिली.

ताई कमरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्या भट्टीच्या गोष्टीत ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

आर्किटेक्टबाई आल्या. त्यांच्या हातात फोन नव्हता. ताईशेजारी उभ्या राहून त्यांनी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली.

“सोळा आणे,” त्या म्हणाल्या.

ताईने मान डोलावली. मग माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला कोपराने ढोसून म्हणाली, “काढ ना फोटो. की आता छोटा डाव, मोठा डाव शोधत बसणारेस?”

“काढते,” मी म्हटलं, “आधी बघू तर दे.”