पाठ केलेले पंधरा शब्द

अकोल्यात शेखरदादाचे कोचिंग क्लास आहेत. त्यामुळे जगातल्या कुठल्याही परीक्षेचा जुना पेपर कुठेतरी मिळतोच, असा त्याचा ठाम विश्वास आहे.

मला लहानपणापासून फिट येते. मी पडत नाही. बोलता बोलता डोळे थिजतात, तोंड चघळल्यासारखं हलतं आणि हातातलं सुटतं. एकदा उकळत्या चहाचं भांडं सुटलं. तेव्हापासून मला गॅसजवळ कुणी एकटं सोडत नाही. सव्विसाव्या वर्षी घोटभर चहासाठी वहिनीची वाट पाहायची, याचा मला वीट आला होता. गोळ्यांनी फरक पडेना, तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी मेंदूचं ऑपरेशन सुचवलं. त्याआधी तिथल्या मानसतज्ज्ञ नगमा मॅडम माझी स्मरणशक्ती तपासणार होत्या.

"म्हणजे एन्ट्रन्स," दादा म्हणाला आणि कामाला लागला.

दवाखान्याच्या कँटीनमध्ये त्याला अंजनगावचा मोहसीन भेटला. त्याची तपासणी होऊन गेली होती; तिच्यात पंधरा शब्दांची यादी ऐकून परत म्हणायची असते. त्याचं दुखणं मेंदूच्या उजव्या बाजूला, त्यामुळे शब्द त्याच्या छान लक्षात होते. दादानं समोसे खाऊ घालून पंधराही काढून घेतले. मग महिनाभर घोकंपट्टी. पाटी, हत्ती, साबण, विहीर... वहिनीला पाठ झाले, शेजारच्या पार्बताबाईंना पाठ झाले, शेवटी मलाही झाले.

मॅडमनी यादी वाचली, मी घडाघडा म्हटली. अर्ध्या तासानं विचारली, तेव्हाही म्हटली. मग त्यांनी दादाला आत बोलावलं. तो सत्काराला आल्यासारखा बसला.

"डाव्या बाजूचा जो भाग काढायचा, तोच शब्द सांभाळते," मॅडम म्हणाल्या. "यांचा तर फारच चांगला चालून राहिला. काढला तर आहे ती आठवणही जाईन. मी ऑपरेशनले हो म्हणू शकत नाही."

"म्हणजे जास्त मार्क पडले म्हणून नापास?"

"तसंच समजा."

मला रडूच कोसळलं. दादानं घाम पुसला आणि मोहसीनपासून सगळं सांगून टाकलं. मॅडमनी नुसतं कपाळाला हात लावला.

पुढच्या तारखेला त्यांनी वेगळी यादी काढली. दादाला तोंड न उघडायच्या अटीवर माझ्या मागे बसवलं. यादी पाच वेळा वाचूनही मला चारच शब्द सांगता आले. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं, तर मी म्हटलं, "कोणती यादी?"

"आता जमते," मॅडम म्हणाल्या. "हा भाग तसाही काम करत नाही. दाखवलेली चित्रं मात्र यांच्या लक्षात राहतात, म्हणजे उजवी बाजू भक्कम आहे. होऊ द्या ऑपरेशन."

मला इतका आनंद झाला की मी मॅडमचे हातच धरले. दादा मात्र खुर्चीतून उठेना.

"काय झालं रे?"

"लहानपणी मी तुहा अभ्यास घेत होतो. पाढे विसरली का छडी मारत होतो. मले वाटे, तू मुद्दाम करून राहिली." तो रडायला लागला. "तुले लय मारलं, चंदे."

मी खूप आठवून पाहिलं. मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलं. तो आणखीच रडायला लागला.