‘अ‍ॅडजस्ट’ची तक्रार

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे आणि आज भयंकर चिडलेलो आहे. माझं नाव ‘अ‍ॅडजस्ट’. तुमच्या घरात माझी रोज ये-जा असते, पण माझं कूळ कोणी विचारत नाही.

माझं मूळ लॅटिनमध्ये, ‘जवळ’ अशा अर्थाच्या शब्दात. फ्रेंचांच्या घरी वाढलो, तिथून इंग्रजीत आलो. ‘न्याय्य’ अर्थाच्या एका शब्दाशी लोकांनी माझं नातं जोडलं. मानलेलंच, पण मी ते जिवापाड जपलं. घड्याळजी, तराजू दुरुस्त करणारे मला हाताशी धरत. काटा हलकेच सरकवायचा, वस्तू नीट जागेवर आणायची. काय मान होता माझा!

आणि आता? घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर मला आदळतात.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक सून आहे. तिला डोळे तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. वर्ग संध्याकाळचे. गेल्या वर्षी नवरा म्हणाला, “मग स्वयंपाकाचं काय? यंदा अ‍ॅडजस्ट कर.” या वर्षीही प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला आणि पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला, “कर की गं अ‍ॅडजस्ट!” माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात सासूबाई करवादल्या, “अगं, तुझ्या दुकानातला हा चष्मा कानामागे टोचतोय मेला!”

सुनेने चष्म्याची काडी गरम पाण्यात धरली, हलकेच वाकवली, त्यांच्या कानावर बसवून पाहिली. पुन्हा काढली, पुन्हा वाकवली.

“आता?”

“आता बरं वाटतंय. काय केलंस?”

“अ‍ॅडजस्ट केला. आम्ही चष्मा वाकवतो, आई. गिऱ्हाइकाचा कान नाही.”

सासूबाईंनी कान चाचपला. मग लेकाकडे वळल्या. “ऐकलंस? माझा कान शाबूत राहिला, हिचा किती पिळायचा? ऊठ, संध्याकाळचा कुकर तू लावायचास.”

“मला कुठे येतो, आई?”

“मग कर अ‍ॅडजस्ट! आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस? प्रवेश बंद होईल ना!”

सून चपला घालून धावलीच.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण तोंडातून काढण्याआधी बघा, वाकतंय कोण. दरवेळी तेच माणूस वाकत असेल, तर त्या कामाला माझं नाव देऊ नका. त्यासाठी तुमच्याकडे खणखणीत शब्द आहे. जुलूम.