कॅडिलॅक घेतली की येतो

चनबसप्पाला कॅडिलॅक या अमेरिकन मोटारीबद्दल काही विचारायचं असेल तर घरून जेवून जावं, असं सोलापूरच्या साखर पेठेत म्हणतात. कारण एकदा का तो बोलायला लागला की तुमचा चहा गार, तुमचं काम बुडालं, आणि उठायला जावं तर तो दंडाला धरून खाली बसवणार.

माणूस तसा सरळ. जन्मभर चादरींची डिझाइनं काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्याप्रमाणं कार्डांना भोकं पाडायची, ती कार्डं मागावर चढली की कापडात मोर उतरायचा, कमळ उतरायचं, हत्ती उतरायचा. आता हे सगळं कॉम्प्युटर करतो, म्हणून चनबसप्पा घरी. सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरतात, पण गाडीचं नाव काढा, गडी ताठ!

हे वेड लागलं लहानपणी. गावातल्या एका गिरणीमालकाकडं तसली गाडी होती, मागं माशाच्या परासारखे दोन उंच पंख असलेली. एकदा ती भर उन्हाळ्यात यांच्या बोळाच्या तोंडाशी बंद पडली. सगळी पोरं धावली. बाकीच्यांनी काच बघितली, दिवे बघितले. यानं पंखाला हात लावला. पत्रा असा तापलेला की तळवा भाजला. घरी येऊन आईच्या शिव्या खाल्ल्या, हाताला तूप लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून जे डोक्यात बसलं ते बसलंच. बरं, आपल्याकडं ही गाडी असावी असं त्याला कधी वाटलं नाही. तेवढी अक्कल होती. त्याला फक्त तिची ओढ होती, उगाच, बिनकामाची.

रद्दीच्या दुकानांतून इंग्रजी मासिकं धुंडाळून त्यानं तिची सगळी कुळकथा गोळा केली. आणि ती ऐकवायला एक हक्काचा श्रोता मिळाला, त्याचा मुलगा संगमेश. इतर पोरांना राजाराणी, या पोराला कॅडिलॅक.

"तर काय झालं," चनबसप्पा सुरू करायचा, "डेट्रॉईट गाव ज्यानं वसवलं तो फ्रान्सचा माणूस. कॅडिलॅक त्याचं नाव. मोठा सरदार म्हणवायचा. पण सरदार कुठला? नाव बी त्यानंच लावून घेतलेलं आन ढालीवरचं निशाण बी. तेच निशाण गाडीच्या नाकावर!"

"मग खोटं की ओ अप्पा."

"खोटंच. पण गाडी खरी."

मग ती तीन गाड्यांची गोष्ट. संगमेशला ती सगळ्यांत प्रिय. विलायतेत तीन कॅडिलॅक सुट्या केल्या, नटबोल्टपर्यंत. सगळे भाग एकात एक मिसळून टाकले, कुठला कुणाचा कळायला नको. मग त्याच ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या, आणि तिन्ही धावल्या! त्या काळात एका गाडीचा भाग दुसरीला घासल्याशिवाय बसायचा नाही. आणि ती हँडल मारायची कटकट. ते उलट फिरलं की माणसाचा हात मोडायचा. कॅडिलॅकनं बटणावर सुरू होणारं इंजिन आणलं आणि तो जाच संपवला. पंखांची गोष्ट तर चनबसप्पा उभा राहूनच सांगायचा, दोन्ही हात मागं नेऊन, कारण ते पंख लढाईतल्या विमानाच्या शेपटीवरून घेतलेले. अक्कम्मा, त्याची बायको, आतून ओरडायची, "अय्यो, पोराला झोपू द्या की ओ!"

असं पोर मोटारींचा इंजिनिअर होणार नाही तर काय होणार? चिंचोळी एमआयडीसीत दोन-तीन वर्षं काढली आणि एक दिवस पेढे घेऊन आला. अमेरिकेत नोकरी लागली होती. तीही कुठं? डेट्रॉईटजवळ. चनबसप्पानं सगळ्या पेठेत पेढे वाटले, आणि निघायच्या दिवशी सोलापूर स्टेशनवर लहान मुलासारखा रडायला लागला. इतका की हमाल थांबून बघायला लागले. संगमेश बिचारा गडबडला. अप्पाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "रडू नका ओ. कॅडिलॅक घेतली की आलोच परत. तुमाला दिलेला शब्द हाय."

आता तुम्ही-आम्ही समजतो की असं बोलणं म्हणजे रडणाऱ्याचे डोळे पुसणं. पण चनबसप्पानं ते गाठीला बांधलं. त्याचा हिशेब सोपा. पोरगं गाडीपायी गेलंय, गाडी मिळाली की परत येईल. म्हणून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागला की ख्यालीखुशाली झाल्यावर त्याचा एकच प्रश्न, "घेतलीस का रे?" आणि तिकडून उत्तर, "न्हाय अप्पा, अजून न्हाय."

नऊ वर्षं झाली. मध्ये संगमेशचं लग्न झालं, मुलगी झाली, दोनदा पाहुण्यासारखा येऊन गेला. नंतर ते व्हिसाचं काहीतरी निघालं, बाहेर पडलं तर परत आत घेतील की नाही याची खात्री नाही म्हणे. येणं बंद झालं. चनबसप्पाला व्हिसाचं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. अडलंय ते गाडीवाचून, हे त्यानं ठरवून टाकलेलं. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचा आणि बोळातून कुणाचंही पोरगं बॅग घेऊन आलं की मान उंच करायचा. अक्कम्मा ते बघायची आणि आत जायची.

मग यंदा शेजारच्या इंद्रायणीबाई अमेरिकेला निघाल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांची लेक वैदेही संगमेशच्याच गावाजवळ राहते. तीन महिने राहून येणार. चनबसप्पाच्या अंगात एकदम वारं शिरलं.

"गाडी घेतल्यावर शिटावर टाकायला चादर पाहिजे का नको?" त्यानं अक्कम्माला विचारलं. "आपल्याकडं नवी गाडी आली की पहिली शिटावर चादर पडते. तिथं कोण टाकणार? चादर पोचली की त्याला लाज वाटून तरी घेईल गाडी."

आणि बसला की हो ग्राफचा कागद घेऊन! डोळ्यांत थेंब टाकत, भिंग धरत, एकेक चौकोन. मोर नाही, कमळ नाही. कॅडिलॅक, समोरून बघितलेली, दोन्ही बाजूंना मागचे पंख डोकावणारे, आणि काचेमागं दोन माणसं. एक स्टिअरिंगचं चक्र धरलेला, एक शेजारी बसलेला. कोण कोण ते सांगायला नको. कार्डं पाडून घेतली आणि नरसय्याच्या कारखान्यात गेला. नरसय्या जुना दोस्त. त्याच्याकडं आता सगळे टॉवेलचेच माग, पण एक जुना चादरीचा माग कोपऱ्यात ठेवलेला. तो शिव्या देत देत त्यानं सुरू केला.

चादर उतरली. लाल जमीन, पांढरी गाडी. चनबसप्पा ती छातीशी धरून घरी आला आणि पलंगावर पसरली. अक्कम्मानं बघितली, हात फिरवला, आणि म्हणाली, "चांगली झालीय. पण चक्र चुकलंय की ओ."

"काय चुकलंय?"

"संगू फोनवर दाखवतो तिकडल्या गाड्या, चक्र डावीकडं असतंय. तुमी आपल्यासारखं उजवीकडं काढलंय."

चनबसप्पाचा चेहरा पडला. गाडीची सगळी कुळकथा तोंडपाठ असलेला माणूस आणि ही चूक! उभ्या जन्मात त्यानं मनातल्या मनात ती गाडी हजारदा चालवली होती, पण चालवली ती सोलापुरात. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठून, नवी पेठेतून, विजापूर वेशीतून. मनातल्या गाडीचं चक्र उजवीकडंच असणार.

तो तसाच नरसय्याकडं परत गेला. म्हणाला, "कार्डं फुकट गेली, पुन्हा काढतो."

नरसय्या हसायलाच लागला. "अरे येड्या, आपण काय विणतो? सोलापुरी चादर. तिला उलटी बाजू असते का?" त्यानं चादर धरली आणि फटकन पालटली. पांढरी जमीन, लाल गाडी, आणि चित्र आरशातल्यासारखं फिरलेलं. चक्र डावीकडं. "ही घे तुझी अमेरिका. आन ही," पुन्हा पालटून तो म्हणाला, "ही आपली."

चनबसप्पा बघतच राहिला. जन्म या धंद्यात गेला आणि हे सुचलं नाही. एका बाजूनं पोरगा बापाला तिकडं फिरवतोय, दुसऱ्या बाजूनं इकडं. त्याला इतका आनंद झाला की नरसय्याच्या कामगारांना त्यानं भजी चारली. चादर इंद्रायणीबाईंच्या बॅगेत गेली. पुढं एका रविवारी संगमेश म्हणाला, "अप्पा, चादर मिळाली. लई सुंदर." आवाज जरा दाटलेला वाटला. पण गाडीचं उत्तर तेच, अजून नाही.

तीन महिन्यांनी इंद्रायणीबाई परतल्या, त्या थेट चॉकलेटं घेऊन यांच्याकडं आल्या. अक्कम्मा आत भाकरी थापत होती. चनबसप्पानं त्यांना खुर्ची दिली. बाईंनी मोबाइल काढला आणि फोटो दाखवायला लागल्या. बर्फ, नात, वैदेहीचं घर. मग एक फोटो आला.

"आणि हे बघा! तुमची चादर कुठं विराजमान झालीय! संगमेश नको नको म्हणत होता, पण मीच म्हटलं, एक फोटो काढू दे रे, अप्पांना दाखवते."

काळी लांब गाडी. दार उघडं. मागच्या शिटावर चादर. नाकावर ते निशाण. चनबसप्पानं ते निशाण ओळखायला डोळे बारीक करावे लागले नाहीत.

"गाडी... कुणाची म्हणायची ही?"

"कुणाची म्हणजे? संगमेशचीच! तीन वर्षं झाली म्हणे घेऊन. सेकंडहँड आहे, पण काय ठेवलीय!" बाई हौसेनं बोलत राहिल्या. चनबसप्पा मान हलवत राहिला. एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांत भरली. चादरीची लाल बाजू वर होती, चक्र उजवीकडं असलेली. मुद्दाम टाकली की पडली तशी, देव जाणे.

बाई गेल्या. चनबसप्पा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तीन वर्षं झाली. गाडी घेऊन तीन वर्षं झाली, आन दर रविवारी माझ्या तोंडावर खोटं बोलतोय. माझ्या तोंडावर!"

अक्कम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. वर बघितलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"ओरडू नका. बसा हितं." तिनं पाट सरकवला. तो बसला नाही. मग तिनं हात पुसले. "त्यानं खरं सांगितलं असतं तर तुमी काय म्हटला असता?"

"काय म्हणणार? घेतलीस, आता ये."

"मग त्यानं काय म्हणायचं? बायकोची नोकरी तितं, पोरीची शाळा तितं. येत न्हाय म्हणायचं तुमाला? तोंडावर?" तिनं तवा खाली उतरवला. "तेवढं म्हणायला लागू नये म्हणून म्हणतोय की ओ, गाडी घेतली न्हाय."

चनबसप्पा पाटावर बसला. राग होता, पण तो धरून ठेवायला काही सापडेना. पोरगं येणार नव्हतं. नऊ वर्षं दारात खुर्ची टाकून बसला, आणि पोरगं येणार नव्हतं. गोष्टी सांगून सांगून आपणच त्याला तिकडं धाडलं, हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी भाकरी तशीच राहिली. संध्याकाळी तो दारात बसायलाही गेला नाही.

रविवार आला. फोन वाजला. संगमेशचा चेहरा ओढलेला दिसला. इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी झाल्या.

"अप्पा, इंद्रायणीबाई भेटल्या का?"

"भेटल्या की. चॉकलेटं आणली."

"काय म्हणाल्या?"

"थंडी लई म्हणाल्या. नात गोड हाय म्हणाल्या." चनबसप्पानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चादर तुला आवडली म्हणाल्या."

"आणि?"

"आणि काय? दमल्या होत्या बिचाऱ्या."

तिकडं संगमेशनं बापाचा चेहरा असा निरखला, जसा लहानपणी गोष्ट संपायच्या आधी निरखायचा. मग हळूच म्हणाला, "अप्पा, आज विचारलं न्हाय?"

चनबसप्पाला वाटलं, ओरडावं, ये रे, गाडी बिडी खड्ड्यात जाऊ दे, तू ये. पण तसं म्हटलं की त्याला उत्तर द्यावं लागणार होतं.

"अरे व्हय, राहिलंच," तो म्हणाला. "घेतलीस का रे?"

संगमेशचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत.

"न्हाय अप्पा. अजून न्हाय."

"असू दे, असू दे," चनबसप्पा म्हणाला. "घाई करू नको. सावकाश घे."